ऑब्स्टिनेट मामाजी

लग्न होऊन तळेगावात आली तेव्हा जयवंताचं बी.ए.चं एकच वर्ष उरलं होतं. साल शहात्तर. आर्वीला जाऊन परीक्षा देऊ द्या, एवढंच तिचं मागणं. सासरे बापूजी सुनेशी थेट बोलत नसत, हुकूम सासूमार्फत आला. "सांग तिले, सारा कापूस घरात आल्याबिगर सून कुठंच जात नाई."

परीक्षा नेमकी कापसाच्या शेवटच्या वेचणीत.

जयवंता रडत बसणाऱ्यातली नव्हती. कापूस वेचता वेचताच ती इंग्रजी शब्द घोकायची. अवघड शब्द डोक्यात ठरत नसत, म्हणून एकेक शब्द तिनं घरच्या माणसाला चिकटवला. बापासमोर तोंड उघडायला कां-कू करणारा नवरा 'रिलक्टंट'. सढळ हाताची सासू रुख्माबाई 'जेनरस'. आणि मामाजी, म्हणजे सासरे, 'ऑब्स्टिनेट'.

घोळ केला रुख्माबाईंनी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यामुळे सारा जन्म "आइकलं का" म्हणण्यात गेलेला. सुनेच्या तोंडून हा शब्द ऐकला आणि त्यांना वाटलं, सासऱ्याला दिलेलं नाव, म्हणजे मानाचंच असणार. झालं. चारचौघांत हाक सुरू: "ऑब्स्टिनेट, जेवाले चला."

बापूजीही खूश. पण एकदा जेवताना म्हणाले, "विचार तिले, त्याचा अर्थ काय?"

जयवंताचा भाकर वाढणारा हात थांबला. 'थोर' म्हटलं असतं तर परीक्षेची वाट कदाचित मोकळी झाली असती. पण इतक्या कष्टानं पाठ केलेल्या शब्दाचा खोटा अर्थ सांगायला तिची जीभ वळेना.

"हट्टी," ती म्हणाली.

"मंग बराबरच तर हाये," रुख्माबाई म्हणाल्या.

बापूजींनी भाकरीचा घास मोडला. मग म्हणाले, "अन् तिचा सोताचा शब्द कोणता?"

"तोच," जयवंता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बापूजी कमरेला कापूस भरायची ओटी बांधून वावरात उतरले. कापूस वेचणं बायांचं काम, पुरुष त्याला हात लावत नसत. साऱ्या बाया पदर तोंडाशी नेऊन हसू लागल्या.

"अवो, लोक काय म्हणतीन?" रुख्माबाईंनी विचारलं.

"मी शब्द मोडत नाई. परीक्षेच्या आंधी कापूस घरात आला पाह्यजे."

मग मान वर करून ते पहिल्यांदाच थेट सुनेला म्हणाले, "तू काय पाहून राह्यली? घरी जाय, अभ्यास कर."