भोंग्याचा आवाज

बसस्टँडवर त्याला सगळे भोंगा म्हणायचे. काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारायचं काम, आणि आवाज असा खणखणीत की माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरचा माणूस पिशवी उचलून पळायचा. आयुष्यभर त्या आवाजावर घर चाललं. मग निवृत्तीनंतर घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि भोंगा मुका झाला. नशीब चेष्टा करायला कुणाला निवडेल, काही सांगता येत नाही बघा!

त्याची सून दवाखान्यांत आणि ऑफिसांत सॉफ्टवेअर बसवून द्यायची. ऑपरेशनच्या आधी तिने सासऱ्याला कपड्यांच्या खोलीत, चहूबाजूंनी गाद्या लावून बसवलं आणि रोज संध्याकाळी त्याच्याकडून वाक्यं वाचून घेतली. "माणूस अजून जिवंत आहे, आत्तापासून आठवणी काय गोळा करतेस?" तो करवादला होता. "आठवणी नाही, बाबा. सुटे भाग गोळा करतेय," ती म्हणाली. त्या सुट्या भागांतून संगणक त्याचा आवाज जुळवणार होता. तो टाइप करील ते त्याच्याच आवाजात बोललं जाणार होतं.

पण कसचं काय! सॉफ्टवेअर बसलं, टाइप केलेलं ऐकूही आलं, पण आवाज कुणा भलत्याच गुळगुळीत माणसाचा, सॉफ्टवेअरबरोबर तयार आलेला. भोंग्याची बायको तो ऐकून उठलीच. "हा कोण परका घरात बोलतोय? मी नाही याला ओ द्यायची." आणि खरंच दिली नाही. जन्म ज्याच्याशी भांडण्यात गेला त्याच्या जागी हा कोण गोडबोल्या? तेव्हापासून भोंगा पाटीवर लिहून बोलायचा. पण पाटीला हाक मारता येत नाही. बायको पाठमोरी असली की टेबलावर थाप मारावी लागायची, ती दचकायची, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सून दुरुस्त करायला दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा तेच. "माझ्या मशीनवर चालतं हो!" ती कपाळाला हात लावून म्हणाली. "मग तुझं मशीनच ठेव इथे," सासूने आतून सुनावलं.

तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा भोंग्याने आधीच पाटी तयार ठेवली होती. "आज शेवटचं. नाही जमलं तर उचलून ने." सुनेने ती वाचली, मान हलवली आणि पेनड्राइव्ह लावला. भोंगा स्टूल ओढून तिच्या मागे बसला.

तिच्याकडे एक स्क्रिप्ट होती. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीने द्यायचे हुकूम: हे इथून उचल, तिथे ठेव, ते चालू कर. पहिल्या खेपेला त्यात आवाजाचा रस्ता म्हणून तिने स्वतःच्याच मशीनवरचं फोल्डर लिहिलं होतं. ते या घरात कुठून असणार? दुसऱ्या खेपेला ते खोडून लिहिलं, पेनड्राइव्हवर तुझ्या शेजारच्या फोल्डरमधून आवाज उचल. तरी रडगाणं तेच. स्क्रिप्ट चालवली की काळी खिडकी लुकलुकायची आणि कुणी काही वाचायच्या आत गडप व्हायची.

आज तिने स्क्रिप्टच्या शेवटी एकच हुकूम वाढवला: थांब. खिडकी थांबली. तिच्यात एक ओळ होती. सुनेने ती मराठीत सांगितली, "सांगितलेला रस्ता सापडत नाही."

मग ती एकदम खुर्चीत सरळ झाली. "अहो बाबा! ऑफिसात मी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये आधी जाते आणि मगच ही चालवते. इथे हिच्यावर क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे मालकाचे, अधिकार देते, नाहीतर काही बसवूच देत नाही. आणि अधिकार मिळाले की ही पेनड्राइव्हवर राहतच नाही, थेट विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन उभी राहते. तिथून शेजारी बघते. तिथे कुठला तुमचा आवाज?"

भोंग्याने लिहिलं, "मग ती तसं सांगत का नाही?"

"ती माझी चूक. नाही सापडलं तर गप पुढे जा आणि तयार आवाज लाव, हे मीच शिकवलंय तिला."

भोंगा त्या पेनड्राइव्हकडे बघत राहिला. अंगठ्याएवढी वस्तू. त्याचा आवाज दोन्ही खेपांना तिच्यातच होता, सगळाच्या सगळा, आणि तो मात्र मनातल्या मनात त्याला मसणात पोचवून बसला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा! सुनेने पहिल्या ओळीच्या वर काही चिन्हं टाइप केली. एक टक्क्याचं चिन्ह, एक नागमोडी रेघ, दोन-तीन अक्षरं. आधी तू स्वतः कुठे ठेवलेली आहेस ते बघ, तिथे जाऊन उभी राहा, मग शेजारी बघ. आणि खाली आणखी एक: नाही सापडलं तर थांब आणि सांग. एवढंच. भोंग्याला वाटलं होतं, त्याचा आवाज परत आणायला डोंगर उचलावा लागेल. त्याने तोंडात बोट घातलं. इतक्या वर्षांत त्याने जाणारी-येणारी हजारो माणसं पाहिली होती, पण अशी कुणी पाहिली नव्हती. ही पोर आपली सून आहे, या विचाराने त्याला भरून आलं.

स्क्रिप्ट चालली. खिडकीत ओळी सरकल्या. सुनेने कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. "बोला, बाबा."

आता काय बोलावं? आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्याने टाइप केलं आणि बटण दाबलं.

"अगं, ऐकतेस का?"

खणखणीत. बसस्टँडवरचा.

"आले, आले! ओरडू नका एवढं, बहिरी नाहीये मी!" आतून उत्तर आलं, नेहमीच्याच वैतागाने.

आणि मग भांडी थांबली. सून मान खाली घालून उगाच पेनड्राइव्हचं टोपण शोधत होती.

बायको दारात आली. हात ओले, कोपरापर्यंत साबण. तिने संगणकाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

"परत म्हणा," ती म्हणाली.