चाकूची निळी पट्टी

पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवर मला शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा बाबांनी त्यांचा घडीचा चाकू माझ्या हातात ठेवला. बाबा मुंबईच्या गोदीत फिटर होते आणि तो चाकू त्यांना एका परदेशी खलाशाने दिला होता. हाडाची मूठ, बोटभर पातं, आणि पेनाच्या टोपणाला असते तशी खिशाला अडकवायची पोलादी पट्टी.

"एकटी चालणार तू. असू दे," एवढंच ते म्हणाले.

त्या चाकूने मी कधी कुणाला भिववलं नाही. मुलांच्या पेन्सिलींना टोकं काढली, तक्त्यांचे पुठ्ठे कापले, एकदा करवंदीच्या जाळीत गुरफटलेल्या शेळीचं दावं कापलं. चाकू नेहमी माझ्या कापडी पिशवीच्या आतल्या खिशाला अडकवलेला असे.

ऐंशी साल उलटल्यानंतरची गोष्ट. एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून महाडला घरी यायला मी एसटीत चढत होते. पिशवी दाराच्या दांडीत अडकली, मागच्या बाईने रेटलं आणि चाकू खाली पडला. उचलून पाहिलं तर पट्टी वाकणातून तुटलेली. महाडच्या बाजारात दोन दुकानांत दाखवला. एकाने नवा घ्यायला सांगितलं, दुसऱ्याने तर हातातही घेतला नाही.

बाबा तेव्हा घरीच असत. वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. चालायला लागले, बोलणंही सुधारलं, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच पडून राही. नोकरी सुटली. आमच्या बौद्धवाडीत येताजाता लोक जय भीम करत, ते मान हलवत आणि पुन्हा अंगणातल्या पेरूकडे बघत बसत.

मी चाकू दाखवला. बराच वेळ त्यांनी तो डाव्या हातात फिरवला.

"स्क्रू शाबूत हायत," ते म्हणाले. "माझी पेटी काढ."

हत्यारांच्या त्या पेटीला लहानपणी आम्ही हात लावला तर पाठीत धपाटा बसायचा. मी ती ओढून काढली आणि त्यांनी सांगितलं म्हणून लोखंड कापायच्या करवतीचं एक जुनं पातं त्यातून घेतलं.

"हे असंच वाकवलंस तर कडकन मोडंल. आधी नरम करायचं."

आईच्या शेगडीत पातं लालभडक केलं आणि राखेत पुरून ठेवलं. सकाळी ते निवालं होतं आणि खरोखरच वाकत होतं. आई म्हणाली, "आज भाकऱ्या कशावर भाजू, सांगा."

"थांब गो जरा," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका उत्साह मी वर्षभरात ऐकला नव्हता.

रविवारची सगळी सकाळ गेली. मी कानशीने दात घासून काढले, हातड्रिलने दोन भोकं पाडली. बाबांनी फळी पायाने दाबून धरली होती. पट्टी वाकवली, पुन्हा लाल करून गोड्या तेलात बुडवली. आता ती काचेसारखी कडक झाली होती. तो कडकपणा थोडा उतरवायचा होता. त्यासाठी ती घासून चकचकीत करायची आणि तव्यावर ठेवून रंग बघायचा. आधी पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा. निळा आला की उचलायची.

पिवळा आला. तव्याची धग माझ्या तोंडावर येत होती. कडेला काहीतरी जांभळट दिसल्यासारखं वाटलं आणि मी घाईने पट्टी उचलली. स्क्रू बसवले, पिशवीच्या कापडावर सरकवली. कट्. दोन तुकडे.

"डोळं कुठं होतं तुझं?" बाबा ओरडले. "निळा सांगितला होता ना!"

बोटं भाजली होती, पाठ दुखत होती.

"मग तुम्हीच करा ना!" मी म्हणाले.

बाबांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग उठून बाहेर गेले. मला जीभ तोडून टाकावीशी वाटली. संध्याकाळी पोलादपूरची गाडी पकडायला निघताना मी त्यांच्या पाया पडले. ते पेरूकडे बघत राहिले.

आठवडाभर वाडीवर माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. पुढच्या शनिवारी घरी आले, तर उंबऱ्याशी पेटी उघडी होती आणि पाण्याच्या तांब्याशेजारी नरम केलेलं दुसरं पातं पडलं होतं. त्याचे दात घासलेले होते. वेडेवाकडे, एका हाताने घासलेले.

"बाबा, मी त्या दिवशी..."

"भोकं पाड," ते म्हणाले. "तेवढी मला जमली नायत."

दुसऱ्या दिवशी पट्टी तव्यावर ठेवली तेव्हा ते माझ्या बाजूला पाटावर बसले. सांडशी माझ्या हातात होती. त्यांनी आपला डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. पिवळा आला, तपकिरी आला. माझा हात उचलायला धावला, त्यांनी दाबून धरला.

"थांब."

जांभळा पसरला.

"थांब गो."

आणि मग एका टोकाकडून निळा सरकत आला, मोराच्या मानेसारखा.

"हां. उचल."

पट्टी बसली. दहादा कापडावर सरकवली, दहाही वेळा ती उघडली आणि परत जागेवर आली. बाबांनी अकराव्यांदा स्वतः सरकवून पाहिली, मग चाकू मला दिला आणि आईला म्हणाले, "घाल आता भाकऱ्या."

त्यानंतर महिनाभराने एका रविवारी शेजारची काकू बिघडलेला स्टोव्ह घेऊन आली. मी आत मोरीत कपडे पिळत होते. बाबांचा आवाज ऐकू आला, "ठेव तिथं. मी सांगीन तसं आमची बाई करंल."

काकू हसली. मी हात पुसत बाहेर आले आणि पेटी उघडली.