नऊ क्विंटलांची लाल गाडी

गोंदिया जिल्ह्यात हट्टी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, पण आमच्या साडभाऊंसमोर बाकीचे सगळे नवशिके. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं राईस मिल चालवली, धानाशिवाय दुसरा विषय काढला नाही, आणि साठीच्या तोंडावर रायपूरहून एक जुनीपुराणी, दोन सीटांची, परदेशी बनावटीची लाल स्पोर्ट्स कार धानाच्या ट्रकवर घालून घरी आणली. ती चालत नव्हती. चालत नव्हती हे फारच सौम्य झालं. बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटला होता. त्याच्या दोनच आठवडे आधी नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. नजर कडेकडून आत विझत येणार, गेलेली परत येणार नाही, फार तर तीन वर्षं. दुसरा कुणी देवदेव करत बसला असता. हे म्हणाले, "तीन वर्षांत गाडी खोलतो, बांधतो, अन् सोताच्या हातानं हाकत इटियाडोहले जातो. धरण पाहतो, वापस येतो. मंग जाऊ दे नजर."

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, एवढ्या अपराधासाठी त्यांनी मला धरलं. दर रविवारी मिलच्या गोदामात खुर्ची टाकून मी इंजिनावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी चुकीच्या ठिकाणी मान डोलवायची. गाडी नुसती चालती करून त्यांचं समाधान होणार नव्हतं, तिला पळवायचं होतं. महिनाभर मी टॉर्क आणि हॉर्सपॉवर यांतला फरक फळ्यावर काढून दाखवत होतो. शेवटी वैतागून त्यांनीच मला शिकवलं, "गुरुजी, धानाचं पोतं उचलाले लागते तो टॉर्क, अन् पोतं घेऊन पळाले लागते ते हॉर्सपॉवर. येवढ्यासाठी कायले खडू झिजवून राहिले?" माझ्या आख्ख्या नोकरीत मी इतकं सोपं काही सांगितलं नव्हतं.

मग वजन कमी करण्याचं खूळ निघालं. धानाचे ट्रक तोलायच्या धरमकाट्यावर गाडी चढली आणि वजन आलं नऊ क्विंटल साठ किलो. साडभाऊंनी आतला गालिचा काढला, जादा चाक काढलं, दारांच्या काचा काढल्या. तरी नऊच्या खाली येईना, तेव्हा ते स्वतः काट्यावर उभे राहिले आणि त्या दिवसापासून त्यांनी रात्रीचा भात सोडला. गोंदियात, राईस मिलच्या मालकानं भात सोडला! त्यांची बायको, आमची ताई, माझ्या बायकोजवळ रडली. "डॉक्टरनं डोळ्याचं सांगितलं, यायनं पोटाचं काढलं," म्हणाली. मी समजवायला गेलो तर मलाच काट्यावर उभं करून माझा आकडा मोठ्यानं वाचून दाखवला.

एवढं शिकून साडभाऊंनी जी चूक केली ती आठवली की मला आजही डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. इंजिनाला हवा मोकळी मिळाली की ताकद वाढते, हे त्यांना पुस्तकातून पक्कं कळलं होतं. दोन वर्षांनी गाडी चालती होताच त्यांनी हवा गाळणारी जाळी काढून टाकली आणि तिच्या जागी ॲल्युमिनियमची उघडी नरसाळी बसवली. दिवस धान भरडाईचे. शेजारी मिल धडधडत होती आणि आवारात भुसा धुक्यासारखा उडत होता. त्या भुशात त्यांनी आठवडाभर गाडी पिटाळली, एकदा नागऱ्याच्या शिवमंदिरापर्यंत नेऊन आणली, आणि आठव्या दिवशी निळा धूर ओकत ती थांबली. खोललं तर सिलिंडर आतून कानस मारल्यासारखे ओरखडलेले. धानाच्या भुशानं लोखंड झिजतं हे त्यांना कुणी सांगायची गरज होती? मिलचे झिजलेले पंखे तीस वर्षं त्यांनी याच हातांनी बदलले होते! साडभाऊ बराच वेळ बोटांनी ते ओरखडे चाचपत बसले. "माह्याच मिलचा भुसा," एवढंच म्हणाले.

नवे भाग परदेशातून यायला वर्ष गेलं. त्या वर्षात नजरही गेली. आधी ते उंबऱ्याला अडखळायला लागले, मग ताटातली डावीकडची भाजी तशीच उरायला लागली. शेवटची जुळणी त्यांनी बहुतेक हातांनी चाचपूनच केली, मी फक्त पान्याचा नंबर सांगत होतो. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. असा गोड, भरलेला आवाज मी कुठल्याही गाडीचा ऐकलेला नाही. ते आत बसले, आवारात एक फेरी मारली, आणि उन्हात वाळत घातलेल्या धानाच्या ढिगात सरळ घुसले. ढीग त्यांना दिसलाच नव्हता. खाली उतरून त्यांनी चाकांतलं धान हातानं काढलं, चावी खिशात टाकली आणि जेवायला गेले.

"मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा, जाऊ इटियाडोहला," असं मी किती वेळा म्हणालो असेन. एकच उत्तर. "दुसऱ्यानंच न्यायचं असतं तर यष्टी काय वाईट होती?" मग दर रविवारी आम्ही जागेवर उभ्या गाडीत बसायला लागलो. ते इंजिन सुरू करून पाय दाबायचे आणि इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याबद्दल विचारायचे, "सुई कुठं पोहोचली?" एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून मी आकडा वाढवून सांगितला. "गुरुजी, नजर गेली, कान नाई गेले," म्हणाले. पुन्हा मी खोटं बोललो नाही.

परवाच्या रविवारी त्यांनी इंजिन लगेच बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. मग खिशातून चावी काढून द्यावी तसं सहज म्हणाले, "जाऊ मंग एखाद्या दिवशी इटियाडोहले. तुम्हीच चालवा. अन् पाणी कसं दिसते ते सांगा मले." मी हो म्हणालो. चार वर्षं त्यांच्या हट्टापायी मी रविवारची झोप घालवली, बायकोची बोलणी खाल्ली, कधी एकदा हा माणूस ऐकेल असं मनातल्या मनात म्हणत आलो. आता ते ऐकताहेत, आणि जायचा दिवस ठरवायचं मीच टाळतोय.