चौफुल्याची गाडी

कासुर्डी सोडून आम्ही शिरूरला आलो तेव्हा मी सातवीत होते. बाबांना रांजणगावच्या एका कंपनीत काम लागलं होतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, शेजारी सगळे हिंदी बोलणारे भाडेकरू. माझ्या ‘हाय’ला, ‘न्हाई’ला वर्गातल्या पोरी हसायच्या, म्हणून महिन्याभरात मी बोलणं बदलून टाकलं. आईचं तसंच राहिलं.

पालकसभेच्या दिवशी शाळेच्या फाटकातच मी तिला म्हटलं, “आत काही बोलू नकोस हं. नुसती बस.” ती नुसती बसली. बाईंनी काही विचारलं, तेव्हा फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर दाराला कुलूप. खालच्या दुकानातल्या काकू म्हणाल्या, “आई तुझी पिशवी घेऊन स्टँडकडं गेली.” मी दप्तरासकट पळत सुटले.

ती बाकावर बसली होती.

“कुठं चाललीस?”

“घरी.”

“माझ्यामुळं ना?”

तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, “सा म्हैनं झालं, दिसभर कोनाशी बोलत न्हाई मी. काल तू बी गप बस म्हनलीस. मला आता भ्या वाटाय लागलंय.”

तेवढ्यात गावाकडं जाणारी चौफुल्याची गाडी लागली. ती उठली. “येतीस?”

“उद्या पेपर आहे,” मी म्हणाले. तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गाडीत चढली.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. मी सगळं सांगितलं, माझं बोलणंसुद्धा. ते ओरडले नाहीत. बूट न काढताच खुर्चीत बसून राहिले. “म्या बी कवा इचारलं न्हाई तिला,” एवढंच म्हणाले.

परत कधी येतेस म्हणून तिला फोन केला की म्हणायची, “बघू.”

रविवारी आम्ही दोघं गावी गेलो. चुलतीच्या अंगणात ती मेथी निवडत मोठमोठ्यानं काही सांगत होती. आम्हाला पाहून थांबली. सगळ्यांसमोर मी म्हटलं, “आई, चुकलं माझं. तू कुठंबी, कायबी बोल.”

तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. “आज न्हाई. मंगळवारी येते. माझी मी येते.”

मंगळवारी शाळा बुडवून मी सकाळपासून स्टँडवर बसले. पहिल्या दोन गाड्यांतून ती उतरली नाही. तिसऱ्या गाडीतून कंडक्टर एक पिशवी खाली ठेवत होता आणि मागून आईचा आवाज अख्ख्या स्टँडला ऐकू आला, “आवं भाऊ, हळू ठिवा की! अंडी हायत त्यात!”