फिलूबायची चॉकलेटची अंडी

एप्रिलच्या उकाड्यात चुलीसमोर बसून फिलूबाय पातळ चॉकलेटचा एक थेंब खालच्या ओठाला लावायची, डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि जीभ बाहेर यायच्या आत पदराने ओठ खसकन पुसून टाकायची. "गरम हाय अजून," म्हणायची. थेंब ओठाला गार लागला की चॉकलेट ओतायला योग्य, हे तिला नवऱ्याने शिकवलं होतं. तो बोटीवर गोडधोड करणारा आचारी होता. जीभ लावायची नाही, कारण ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तिचा कडक उपास असे. मटण नाही, अंडं नाही, गोड नाही. अशा बाईने गावच्या पोरांसाठी चॉकलेटची अंडी करायचा घाट घातला होता आणि त्या घाटात मी पोटाने सामील झाले होते.

मालाडच्या गावठाणात तिच्या शेजारच्या दोन खोल्यांत मी आणि आई राहायचो. मी शाळेत शिकवायची म्हणून मी 'टीचर'. आई तिला "अहो फिलूबाय" म्हणे, ती आईला "अगो" म्हणे. अहोजाहो तिने फादरलासुद्धा कधी केलं नाही.

तिची एक जखम होती. आधीची दोन वर्षं तिने पत्र्याच्या साच्यांत अंडी केली होती आणि दोन्ही वेळा ती चर्चच्या पायऱ्यांवर पोहोचेपर्यंत पळीने वाढावी लागतील अशी झाली होती. गाव त्याला 'फिलूबायची आमटी' म्हणू लागलं. फादरने हळूच सुचवलं, पुढच्या खेपेला वांद्र्याहून तयार मिठाई आणू. फिलूबायने एकच वर्ष मागून घेतलं. मला म्हणाली, "नवऱ्याने मना सोनं नाय दिलं, टीचर. हे शिकवून गेला. ते पोरांच्या तोंडात नाय पडलं तर त्याची आमटीच झाली म्हणायची."

त्याच वर्षी मी टायफॉइडमधून उठले होते. हाडं मोजून घ्यावीत अशी दशा. डॉक्टर म्हणाले, रोज अंडं द्या. आई म्हणाली, "या घरात अंडं शिरलं तर मी बाहेर पडेन," आणि तिने मला नाचणीच्या सत्त्वावर धरलं. ही गोष्ट मी फिलूबायला सांगितली, निम्मीच, डॉक्टरांपुरती. ती एकदम पाटावरून उठली.

"पळणार नाय असा साचा कोण करतो, सांग? कोंबडी करते."

बेत असा की अंड्याला दोन्ही टोकांना दाभणाने भोक पाडायचं, फुंकून आतलं बाहेर काढायचं, टरफल धुऊन वाळवायचं, त्यात चॉकलेट भरायचं आणि भोकं मेणाने बुजवायची. आत कितीही मऊ झालं तरी जाईल कुठे? मुलं साठ. म्हणजे टरफलं साठ. आतलं फेकायचं नाही, उपासाच्या दिवसांत अन्न टाकणं तिला भयंकर वाटे. आणि सारं गाव उपासाला. खाणार कोण?

"आईला चालेल ना?" तिने विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

मग रोज शाळेत जाताना मी तिच्या स्वयंपाकघरात ऑम्लेट खायची. ती समोर बसायची, वास घ्यायची आणि विचारायची, "मीठ बरोबर?" मी मान डोलवायची. सुपातली टरफलं वाढत गेली, तसे माझे गालही वर आले. त्या दिवसांत सकाळी उठायचाच मला उत्साह असायचा. आज किती झाली, हे दोघी मिळून मोजायचो. ईस्टरच्या आदल्या दिवशी साठ भरली.

त्या सकाळी टोपात चॉकलेट पातळ होत होतं आणि कुंपणापलीकडे आई तुळशीला पाणी घालत होती. तिने कौतुकाने हाक मारली, "पाहिलंत का फिलूबाय, कशी अंगावर आली पोर? सगळी सत्त्वाची करामत. घरात दुसरं काही शिरू दिलं नाही मी."

फिलूबायने माझ्याकडे पाहिलं. मग टोप चुलीवरून उतरवला.

"फिलूबाय, उद्या साठ मुलं वाट बघतील," मी म्हटलं.

"बघू दे. आईला फसवून जमवलेलं मी पोरांच्या हातात नाय देणार. वांद्र्याला जाईन."

वांद्र्याला जाणं म्हणजे तिच्यासाठी काय होतं ते मला ठाऊक होतं. ती हात धुऊन थेट आमच्या ओटीवर गेली. मी मागोमाग.

"अगो, तुझ्या पोरीला मी साठ अंडी चारली. विचारायला हवं होतं तुला. मना माफ कर."

माझं नाव तिने घेतलंच नाही. तेव्हा कुठे मला कंठ फुटला. "आई, यांचा दोष नाही. मी यांना सांगितलं होतं, तुला चालतं म्हणून."

आईने हातातला तांब्या खाली ठेवला. मग तिने फिलूबायलाच विचारलं, "आणि तुम्ही?"

"मना उपास."

"चाळीस दिवस? रोज हिला करून घालून?"

"हाव."

आई आयुष्यभर चतुर्थ्या आणि सोमवार धरत आलेली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. "हिच्याशी काय बोलायचं ते मी बोलेन," ती म्हणाली. "तुमचा उपास असा फुकट जाता कामा नये. जा, भरा ती." मग आवाज खाली आणून, "फक्त ते सत्त्वाचं मी चारचौघींना सांगून बसलेय…"

"ते तुलाच सांगावं लागेल त्यांना," फिलूबाय म्हणाली आणि चुलीकडे धावली.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर जो कल्ला झाला तो मी विसरणार नाही. ऊन मी म्हणत होतं. मुलं एकमेकांच्या कपाळावर अंडी फोडत होती, आतलं चॉकलेट मऊ होतं आणि टरफलाच्या वाटीतून ती ते बोटाने चाटत होती. एक थेंब सांडला नाही. फादरच्या पांढऱ्या झग्यावर तपकिरी पंजे उठले आणि फादर हसत होता. सर्वांत शेवटी फिलूबायने एका न आलेल्या पोराचं उरलेलं अंडं फोडलं. या वेळी पदर बाजूलाच राहिला. चाखलं, आणि मला म्हणाली, "साखर कमी पडली. त्याचं जास्त गोड असायचं." एवढं म्हणून ती रडायला लागली. मीही रडले, आनंदानेच.

पुढे लग्न होऊन मी मुलुंडला गेले. आई मालाडलाच राहिली. दोन-तीन वर्षांनी तिचं कार्ड आलं:

'चि. सौ. सुमन हीस अनेक आशीर्वाद. अशक्तपणावर डॉक्टरांनी मला रोज एक अंडं सांगितलं आहे. फिलूबायचा उपास सुरू झाला असून तिला टरफलं हवीच आहेत. पण तुझ्या कानावर घातल्याशिवाय ती मला खाऊ घालणार नाही म्हणते. तरी उलट टपाली कळवावे.'

मी दारातच उभी राहून ते दोनदा वाचलं, पायांत चपला अडकवल्या, पोस्टात गेले आणि आयुष्यातलं सर्वांत लहान पत्र टाकलं: 'आई, खा.'