नशराची डीव्हीडी आणि आमचा जुना प्लेअर

भाकरीची उकड अर्धी मळून झाली होती, तेवढ्यात धाकटी जाऊ नशरा आली. हातात दिरांनी कुवेतहून पाठवलेला लॅपटॉप. त्यात डीव्हीडी बनते म्हणे. नणंदेचा निकाह मस्कतला झाला. गुडघ्यांमुळे सासूबाईंना, अम्मींना, जाता आलं नाही. त्या निकाहची डीव्हीडी नशराने स्वतः बनवली होती.

अम्मींनी तिच्या कपाळाचा मुका घेतला. सतरा वर्षं मी त्यांना गरम भाकरी वाढते, माझं कपाळ त्यांना कधी दिसलं नाही.

डिस्क टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरमध्ये घातली, तर तो वाचेचना.

"लॅपटॉपवर तर चालते!" नशरा रडवेली झाली.

"एवढ्याशा पडद्यावर माझ्या मोतीबिंदूला काय दिसणार? पोरीला नवरी झालेली बघणं नशिबात नाय," अम्मी म्हणाल्या.

मला कारण ठाऊक होतं. कोऱ्या डिस्क दोन प्रकारच्या येतात, मायनस आणि प्लस; आमचा प्लेअर फक्त मायनसच्या घेतो, ही प्लसची होती. मौलानांच्या बयानाच्या, प्रवचनाच्या डीव्हीडी आणताना दुकानदाराने समजावलं होतं. तरी मी गप्प राहिले. माझ्या या रोजच्या वहीत खोटं कशाला लिहू, तिची फजिती बघून बरं वाटलं.

मग असरची, दुपारनंतरच्या नमाजची अजान झाली. असं मन घेऊन नमाजाच्या मुसल्यावर कशी उभी राहू? सांगून टाकलं.

"तुझा लॅपटॉप दोन्ही लिहितो. मायनसवर बनव."

"भाभी, मग मघापासून गप्प का?"

"हात पिठात होते," मी म्हणाले.

अम्मींनी पुन्हा तिचीच पाठ थोपटली. आता नमाज आटोपून सुकापूरच्या दुकानातून मायनसच्या दोन डिस्क आणायच्या आहेत.