पत्रे उतरले ते अंगणात आले

मंडळी, आंघोळ करून, कपडे भिजवून आत्ताच बसले. पण जीव अजून थाऱ्यावर नाही.

आज नेरजवळच्या माहेरी गेले होते. घरावरचे जुने सिमेंटचे पत्रे काढून टिन टाकायचे होते. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, पत्रा फुटला की बारीक भुकटी श्वासातून छातीत जाऊन बसते, हे भावाला आधीच बजावलं होतं. प्रमोदनं ऐकलंही. पाणी मारून, कटर न लावता, एकेक पत्रा अख्खा उतरवला. मी खूश!

चहा करायला आत गेले, तर बाहेर धाडधाड आवाज. पाहते तर माय अन् वहिनी हातोड्यानं तेच पत्रे फोडून फाटकापासून ओट्यापर्यंत पसरवत होत्या!

"माय, हे काय करून राह्यली तू?"

"पावसाळ्यात केवढा चिखल होते इथं! सारं गाव असंच भरते. चांगली वस्तू फेकाची काहून?"

मी ओरडले. पाणी मारलं, तोंडाला फडकं बांधून तुकडे पोत्यात भरले. पण चुरा मातीत गेला तो गेलाच. प्रमोदला त्यावर मुरूम टाकायला सांगितलं. पोती न्यायची कुठं, कोणालाच माहीत नाही.

निघताना माय म्हणाली, "कायले घाबरते? सकाळी उठल्याबरोबर सारं खराट्यानं झाडून टाकीन."

झाडलं की तीच भुकटी उडणार, म्हणून तिचा खराटाच सोबत घेऊन आले. पण गल्लीत घराघरापुढं तीच फोडलेल्या पत्र्यांची करडी वाट आहे. बाकीच्या खराट्यांचं काय करू, सांगा?